जास्तीचं हाड

माझी नोकरी रोगांना नंबर घालायची होती. लोक हे ऐकून हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. तारापूरला समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची, म्हणजे सहासष्ट सालची गोष्ट. तिथल्या एका ठेकेदार कंपनीच्या दवाखान्यात मी कारकून होतो. डॉक्टर रोग्याला तपासून कार्डावर इंग्रजीत रोगाचं नाव लिहायचे. मी ते नाव एका जाडजूड पुस्तकात शोधायचं आणि पुढे नंबर लिहायचा. महिन्याअखेरीला नंबरांचा तक्ता मुंबईच्या मोठ्या ऑफिसात जायचा. त्यावरून मुंबईला कळायचं की घिवलीच्या बाजूला किती जणांचं पोट बिघडलं. कळल्यावर ते काय करायचे ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पोटं बिघडतच राहिली.

रोग मला एकही समजत नव्हता, पण नंबर बरेच पाठ झाले होते. एखादा मजूर खोकत दारात आला की खोकला संपायच्या आत मी नंबर लिहून मोकळा. डॉक्टर सोराबजी, आमचे पारशी डॉक्टर, म्हणायचे, "चुरी डिकरा, जरा थांब. मला त्याची छाती तर बघू दे."

खरं तर ही गोष्ट हंसा सांगायची. हंसा म्हणजे माझी बायको. ती सांगायची आणि मी मधे मधे दुरुस्त्या करायचो. "तेव्हा पाऊस नव्हता, वैशाख होता," असं मी म्हणायचो, आणि ती म्हणायची, "मग तुमीच सांगा." मी गप्प बसायचो. आता ती नाही. गेल्या पावसाळ्याआधी गेली. दुरुस्त्या करणारा मागे राहिला आहे, तेव्हा त्यानेच सांगितलं पाहिजे.

तर वैशाख होता. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी बोईसरला दामू नावाच्या कंपाउंडरबरोबर एका पत्र्याच्या खोलीत राहायचो आणि हंसा माकुणसारला आमच्या घरी. रविवारी मी शटल गाडीने सफाळ्याला उतरून घरी जायचो. घर माणसांनी भरलेलं. तात्या, म्हणजे माझे वडील, ओटीवर बसलेले. आई, वहिनी, भाऊ, त्यांची पोरं, वाडीतले गडी. त्या घरात नवराबायकोने दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायचं म्हणजे, कसं सांगू, चूल पेटवून ओटीवर आणून ठेवण्यासारखं होतं. कुणी मना केलेलं नव्हतं. पण कुणी करत नव्हतं. हंसाला मला काही सांगायचं असलं तर ती पुतण्याला सांगायची, "काकांना सांग, पाणी तापलंय." आणि काका तीन हात लांब उभे असायचे.

त्या रविवारी जिवल्या ताडावर चढला होता. जिवल्या हा आमच्याकडचा नेहमीचा माणूस. ताडगोळ्यांचा घड तो दोराने हळू खाली सोडायचा. मी खाली उभा होतो. हंसा विहिरीवर कळशी घेऊन उभी होती आणि चक्क माझ्याकडे बघत होती. एवढं निमित्त पुरलं.

मी ओरडलो, "अरे जिवल्या, दोर कशाला? एकेक टाक, मी झेलतो!"

"नको शेट, हात मोडंल," वरून जिवल्या म्हणाला.

"टाक रे!"

त्याने टाकलं. ताडाचं फळ नारळापेक्षा लहान असतं हे खरं, पण ताड नारळापेक्षा उंच असतो हे मी विसरलो. मी ते झेललं, यात वाद नाही. पुढे आयुष्यभर मी हे सांगत आलो आहे की मी ते झेललं. फक्त ते उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी, तिथे जो मांसाचा गोळा असतो त्यावर बसलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या काशीबाई कुंपणापलीकडून धावत आल्या. हंसा आधी हसली, मग कळशी तिच्या हातून पडली.

काशीबाई म्हणजे आमच्या आळीतला बिनपदवीचा दवाखाना. त्यांनी हात उलटा-सुलटा करून बघितला, दाबला, मी पुन्हा ओरडलो, आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "हाड शाबूत हाय. रगात साकळलंय. खोबरेल कढवा, त्याच्यात ओवा टाका, नि चोळा. रोज चोळा. चांगलं रगडून चोळा. साकळल्यालं मोडलंच पायजे."

"चोळणार कोण?" आई म्हणाली. "मला भाताचं काम पडलंय."

"अगो, बायको कशाला हाय त्याची?"

सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी पानाचा विडा गालात सरकवला. "औषध हाय," ते म्हणाले. "औषधाला काय."

झालं. त्या संध्याकाळी ओटीवर, भर माणसांत, कंदिलाच्या उजेडात, हंसा माझ्यासमोर बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. बाजूला तेलाची वाटी. कुणी काही बोललं नाही. औषध होतं.

हात ठणकत होता, पण खरं सांगतो, मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं म्हणजे उपचारात खंड. तसं काशीबाईंनी सांगितलंच होतं, "रोज." तेव्हा मी रोज संध्याकाळच्या शटलने सफाळ्याला यायला लागलो आणि पहाटेच्या शटलने परत बोईसर. दामू खोलीत एकटाच भात शिजवायचा आणि मी पिशवी उचलली की विचारायचा, "आत्माराम, आज पण हात दुखतो का रे? की आता दुसरा दुखायला लागला?"

घरी तात्यांना माझ्या चिकाटीचं कौतुक वाटायला लागलं. "आत्मा शाळेत एवढा नेमाने जाता," ते आईला म्हणाले, "तर मामलेदार झाला असता."

चोळताना हंसा मान खाली घालून बोलायची. इतक्या हळू, की लांबून बघणाऱ्याला ती काहीतरी स्तोत्र पुटपुटते आहे असं वाटावं. वर्षभरात आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या वाटीभर तेलात बोललो. तिच्या माहेरी, पालघरजवळच्या माहीमला, किती तऱ्हेची केळी होतात. वहिनी साखर कुठे लपवते. मला पाडाच्या आंब्याचं रायतं आवडत नाही हे तिला त्या ओटीवर कळलं, तोपर्यंत बिचारी मला आवडतं म्हणून वाढत होती आणि मी तिने वाढलं म्हणून खात होतो.

आणि खोली. बोलणं फिरून तिथेच यायचं. कंपनी बोईसरला नोकरांसाठी खोल्या बांधत होती. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे जरा ओटा. पण त्या फक्त कायम नोकरांना. मी होतो हंगामी. दवाखान्यातली एक जागा कायम होणार होती आणि ती मला मिळेल असं डॉक्टर म्हणत होते. मिळाली तर खोली, आणि खोली मिळाली तर हंसा बोईसरला. हे घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा वेगळा राहणार हे तात्यांना सांगायचं म्हणजे काही कारण लागतं, आणि आमच्याकडे असलेलं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

"खिडकी कुठल्या बाजूला हाय?" ती अंगठ्याचं बूड रगडत विचारायची.

"रेल्वेच्या."

"मग मी गाड्या बघत बसंन." आणि जरा थांबून मोठ्याने, घराला ऐकू जाईल असं, "अजून दुखतंय?"

"फार," मी कण्हत म्हणायचो. दुखणं पहिल्या पंधरवड्यातच थांबलं होतं. ते तिलाही ठाऊक होतं. ती आणखी जोरात दाबायची.

आता यात माझ्या लक्षात यायला हवं होतं की सूज उतरली पण आत काहीतरी घट्ट व्हायला लागलं होतं. आधी कच्च्या कैरीसारखं, मग कैरीच्या कोयीसारखं. अंगठा करंगळीकडे न्यायला गेलो तर अर्ध्या वाटेत अडायचा. काशीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "चोळणं कमी पडतंय." आणि खोबरेल बंद करून त्यांनी माहीमच्या कोळणीकडून मुशीचं तेल आणलं. मुशी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल. त्याचा वास अंगाला लागला की साबणाने जात नाही, फक्त हळूहळू जुना होतो. शटलमध्ये मला बसायला जागा मिळायला लागली. माझ्या बाकावर कुणीच बसत नसे. दवाखान्यात रोगी मला बघून आधीच बरे होऊन जायला लागले. जिवल्याने सुद्धा एक पाला आणून दिला, तो बांधला. त्याने काहीच झालं नाही. सगळ्या उपचारांत तेवढाच एक निरुपद्रवी निघाला.

मृगाच्या सुमाराला मला कायम करायचे कागद निघाले. त्याच्यासाठी शरीर तपासणी. डॉक्टर सोराबजींनी माझी छाती, डोळे, दात बघितले आणि शेवटी म्हणाले, "हाथ मिलाव, डिकरा. तू पास." मी हात पुढे केला. त्यांनी दाबला, आणि सोडलाच नाही.

"आ शूं छे?"

"काही नाही डॉक्टर, जरा साकळलंय."

"साकळलंय? आ तो हाड हाय!"

त्यांनी मला पालघरला पाठवलं. तिथे एका खाजगी डॉक्टरकडे एक्सरेचं मशीन होतं. फोटो आला. डॉक्टर सोराबजींनी तो खिडकीला धरला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं काही चांगली बातमी आहे. माझ्या हाताची सगळी हाडं जागच्या जागी होती. शिवाय अंगठ्याच्या बुडाशी, जिथे नुसतं मांस असायला हवं तिथे, एक जास्तीचं हाड होतं. वाटाण्याच्या शेंगेएवढं.

"पुस्तकात वाचला होता, डोळ्याने कधी बघितला नव्हता," ते म्हणाले, आणि दामूला बोलावून दाखवलं, मग ड्रायव्हरला, मग तापाच्या एका रोग्याला. दामू म्हणाला, "आत्माराम, तू कामापेक्षा जास्त दिलंस कंपनीला."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "मार लागला, आत रक्त साचला. गप ठेवला असता तर गेला असता. कोणी चोळला?"

मी छताकडे बघितलं.

"रोज चोळला?"

"रोज."

"जोरात?"

"काशीबाईंनी तसंच सांगितलं होतं."

"अरे गधेडा! चोळला म्हणून तर हाड झाला! मांस बिचारा घाबरला, त्याने हाड केला. आता एकदम बंद. तेल बंद, शेक बंद, हाथ लावायचा नाय. चार-सहा महिने गप ठेव, ते आपोआप लहान होईल. नाय ठेवला तर अंगठा जाम होईल, मग मी तुला पास कसा करू?"

दुखणं आपोआप बरं होईल असं सांगितलं की लोकांना आनंद होतो. मी सफाळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. औषध संपलं म्हणजे परवानगी संपली. त्या संध्याकाळी हंसा तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा मी सगळ्यांसमोर डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तिने वाटीकडे बघितलं. मग ती उठून आत गेली आणि तिने तेल दिव्यात ओतलं. घरभर मुशीचा वास सुटला तेव्हा तात्या नाकाला धोतर लावून मागच्या दारी जाऊन बसले.

काशीबाई मात्र ऐकेनात. "चोळून हाड होतं? मग माझ्या गुडघ्याला आतापावेतो पुरा माणूस झाला असता."

आता नंबर. सगळ्या प्रकल्पाला नंबर घालणारा मी, माझ्याच कार्डावर नंबर घालायला बसलो. डॉक्टरांनी लिहिलं होतं ते इंग्रजी नाव एवढं लांब होतं की ओळीत मावत नव्हतं. अर्थ एवढाच, की स्नायूत हाड झालं. मोठ्या पुस्तकात नंबर सापडला, स्नायूंच्या भागात. मला वाटलं, संपलं. पण तपासणीचा कागद आस्थापनेच्या पुंजारामकडे जायचा.

पुंजाराम जालन्याकडचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण नियम हा त्याचा सख्खा भाऊ होता. त्याच्या छापील फॉर्मात दोन रकाने होते, एक हाडांचा, एक स्नायूंचा.

"चुरी, हे काय लिवलंय? नंबर मांसाचा आन् रोग हाडाचा?"

"मांसातलं हाड आहे."

"एक काय ते सांगा. हाड असंल तर हाडाच्या घरात, मांस असंल तर मांसाच्या. असं एकाचं दुसऱ्याच्या घरात मी न्हाई लिवणार." मग त्याने पेन खाली ठेवलं. "आन् माणसाला हाडं किती असावी हे ठरल्यालं हाय. हे जास्तीचं तुमी कुणाच्या मंजुरीनं घेतलं?"

त्याने कागद मुंबईला पाठवला. श्रावणात उत्तर आलं. नंबर बरोबर आहे म्हणे, पण इजेमुळे झालं असेल तर कारणाचा नंबरही लिहा. पुस्तकात कारणांचा वेगळाच भाग होता. मी तो उघडला आणि थक्क झालो. माणूस कुठून कुठून पडू शकतो, काय काय त्याच्या अंगावर येऊ शकतं, सगळं त्यात होतं. घोडा होता, जहाज होतं. ताडगोळा नव्हता. ज्यांनी ते पुस्तक केलं त्यांच्याकडे ताड नसावेत, किंवा त्यांची माणसं ताडाखाली उभी राहून शहाणपणा करत नसावीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वरून पडलेली वस्तू, असा घाल." घातला.

पुंजारामने विचारलं, "वस्तू कुठं पडली? कामावर?"

"घरी."

"मग आपुन झेलली का आपसूक पडली?"

इथे माझा अभिमान आडवा आला. "झेलली," मी म्हणालो.

"मंजी मुद्दाम," पुंजाराम म्हणाला आणि त्याने तेही लिहिलं.

कागद पुन्हा मुंबईला. या खेपेला डॉक्टरांनी खाली प्रामाणिकपणे एक ओळ वाढवली होती, की इजेनंतर घरी पत्नीने रोज मर्दन केल्याने हाड वाढले. मुंबईत कुणीतरी ते मन लावून वाचलं असावं. गणपतीच्या आठवड्यात कागद परत आला. त्यावर लाल शाईत एकच प्रश्न होता, की रोगाचं कारण अद्याप चालू आहे की बंद? चालू असेल तर उमेदवार कायम करता येणार नाही.

"बंद आहे," मी म्हणालो. "बंद लिहा."

पुंजारामने लाल शाईवर बोट ठेवलं. "कारण मंजी तुमची मंडळी ना?"

"हो."

"मग कारणाला समक्ष विचारल्याबिगर मी बंद कसं लिवू? उद्या पुन्हा चालू झालं तर? सही माझी असती."

असं करून हंसाला रोगाचं कारण म्हणून तारापूरला बोलावणं आलं. आमच्या घरातली सून ऑफिसात! तात्या दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी त्यांनी कोट काढला, काळी टोपी घातली, छत्री घेतली आणि सुनेला घेऊन निघाले. काशीबाई न बोलावता निघाल्या. मुशीच्या तेलाची बाटली त्यांनी पदराखाली घेतली होती. "उद्या म्हणतील तेल खोटं होतं," त्या म्हणाल्या. ट्रकमधून बोईसर ते तारापूर येताना बूच सैल झालं. पुढचं सांगत नाही. ड्रायव्हरने आम्हाला फाटकाच्या बऱ्याच अलीकडे उतरवलं, एवढंच.

पुंजारामच्या पत्र्याच्या ऑफिसात एकच जादा खुर्ची होती. तीवर तात्या बसले, छत्री दोन्ही हातांनी पुढे रोवून. हंसा डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून उभी. डॉक्टर सोराबजी दारात. दामू बाहेरच्या खिडकीत, कारण दवाखाना बंद ठेवून बघण्यासारखं दुसरं काही त्या प्रकल्पावर त्या दिवशी नव्हतं.

"आमच्या सुनेला तुमी रोगाचं कारण म्हणता?" तात्यांनी सुरुवात केली.

"मी न्हाई म्हणत, मुंबई म्हणती," पुंजाराम म्हणाला.

"मुंबईला सांगा, तिला मीच सांगितलं चोळायला!" काशीबाई पुढे सरसावल्या. "मला लिवा कारण. हे बघा तेल."

"बाई, ती बाटली बाहेर ठेवा," डॉक्टर रुमाल नाकाला लावून म्हणाले.

पुंजारामने घसा साफ केला आणि हंसाकडे न बघता, टेबलाला विचारलं, "तर, वहिनी. ह्यांचा हात पंधरवड्यात दुखायचा थांबला होता असं डॉक्टर म्हणतात. तरी तुमी दीड महिना चोळत ऱ्हायला. ते का, हे कळलं पायजे. मंजी पुन्हा व्हनार का न्हाई, ते ठरवता यील."

बाहेर कुठेतरी लोखंड आपटत होतं. आता ती काय सांगणार? अडाणीपणाने केलं, असं म्हणाली असती तर चाललं असतं. पण तिला खोटं बोलायची सवय नव्हती, माझ्या कण्हण्याला साथ देण्यापुरती सोडली तर.

हंसा काशीबाईंकडे वळली. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी बोलायचं नाही म्हणून तिने काशीबाईंनाच सांगितलं. अगदी हळू, ओटीवर बोलायची तसं. पण ऑफिस इतकं लहान होतं की सगळ्यांना ऐकू आलं.

"काशीमावशी, आमच्या घरात हात धरायला दुखणं लागतं."

पुंजारामचं पेन कागदाला टेकलं ते तसंच राहिलं. काशीबाईंनी तोंडावर पदर घेतला, हसायला की रडायला ते मला दिसलं नाही. मी तात्यांकडे बघायचं धाडस केलं नाही. त्यांच्या छत्रीकडे बघितलं. छत्रीवरचे हात हलले नाहीत.

मग हंसा तितक्याच हळू म्हणाली, "त्यांना विचारा, बंद केलं तर खोली मिळंल ना?"

"कसली खोली?" तात्या म्हणाले.

मग मलाच सांगावं लागलं. बोईसरची खोली, कायम नोकरी, सगळं. वर्षभर मनात घोळवलेलं भाषण होतं, ते चार वाक्यांत संपलं. तात्या ऐकत होते. शेवटी ते उठले, टोपी नीट केली आणि पुंजारामला विचारलं, "साहेब, तुमची मंडळी कुठं असते?"

"गावाकडं. मैनाबाई नाव," पुंजाराम म्हणाला. न विचारता नाव का सांगितलं कुणास ठाऊक. "दिवाळीला भेट झाली होती. आता हे साल बघू, रजा मिळाली तर."

तात्यांनी मान हलवली. "मग तुमाला कळतंय. लिवा. कारण बंद. मी तिचा सासरा सांगतोय. त्या पोराच्या उजव्या हाताला आता कुणी तेल लावणार नाय." आणि माझ्याकडे न बघता, दाराकडे जाताना, "खोली घे. आईला मी सांगतो."

पुंजारामने लिहिलं. जोरात लिहिलं, निब मोडेल इतकं. मुंबईने मग काही विचारलं नाही. नंतर कळलं, लाल शाईवाले साहेब बदलून गेले होते. नवीन साहेबांनी कागद न वाचताच सही केली होती. ते आधी आले असते तर हंसा तारापूरला आलीच नसती, आणि तात्यांना काही कळलं नसतं. म्हणून मी त्या लाल शाईला कधी नावं ठेवली नाहीत.

हाड कमी होत गेलं. डॉक्टर दर महिन्याला दाबून बघायचे आणि जरा निराश व्हायचे. चिंचोक्याएवढं राहिलं, ते अजून आहे. अंगठा करंगळीपर्यंत पोचतो. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला पास केलं.

बोईसरच्या खोलीत आम्ही गेलो ती दुपार होती. खिडकी रेल्वेच्या बाजूची नव्हती, पाण्याच्या टाकीच्या बाजूची निघाली. हंसा म्हणाली, टाकी तर टाकी. तात्यांनी केळीचा घड पाठवला होता, काशीबाईंनी लोणचं. सामान असं नव्हतंच. दोन ट्रंका, एक स्टो, बिछाना. ते लावून झालं आणि मग आम्हाला करायला काही उरलं नाही. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो. ओटीवर बसायचो तसेच, मधे वाटीची जागा सोडून.

ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. इतक्या हळू बोलली.

"मोठ्याने बोल की," मी म्हणालो. "इथे कोण ऐकणार आहे?"

तिने चारी बाजूंना बघितलं. खरंच कुणी नव्हतं. तिला हसू आलं. मग तिने हात पुढे केला.

"अगं, डॉक्टरांनी चोळायचं नाही म्हटलंय," मी म्हणालो.

"चोळतंय कोण?" हंसा म्हणाली, इतक्या मोठ्याने की टाकीवरचे कावळे उडाले. "नुसता धरते!"